हवेत धरलेला कप

आमच्या गल्लीत तिला सगळे लगबग म्हणत. खरं नाव तिने मला सांगितलं होतं, पण ते मी इथे लिहिणार नाही. तिच्यामागे लागलेल्यांना जेवढं सापडलं तेवढं पुरे झालं. लगबग हे नाव कुणी पाडलं देव जाणे, पण बसलं अगदी चपखल. बाई कधी चालायचीच नाही, कायम निघालेली असायची. हातात पिशवी, केस अर्धे ओले, तोंडात शेवटचा घास, आणि "येते गं ताई" म्हणेपर्यंत कोपऱ्यावरून दिसेनाशी. मी म्हणायचे, अगं, एक दिवस चप्पल मागे राहील आणि तू पुढे पोहोचशील. त्यावर ती पळता पळताच हसायची.

माझं इस्त्रीचं दुकान. पुढे दुकान, मागे माझी खोली आणि तिच्याही मागे एक छोटी खोली, तीत ती भाड्याने राहायची. कामाला मात्र वरच्या रस्त्यावरच्या मोठ्या घरात. त्या घरचे कपडे माझ्याकडेच यायचे. घरात साहेब, त्यांची बायको म्हणजे बाई, आणि साहेबांची म्हातारी आई. साहेब नावाजलेले वकील. पुढे ते निवडणुकीला उभे राहिले आणि लगबगच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं.

ती मूळची इथली नव्हे. सीमेपलीकडून आली ती रीतसर परवाना घेऊन, आणि पुढे याच घरात कामाला लागली. परवाना संपत आला तेव्हा तिने बाईंना आठवण करून दिली. बाई म्हणाल्या, बघू. साहेबांच्या डाव्या हातचं काम होतं ते. पण परवाना वाढवायचा म्हणजे तिची नोकरी सरकारला दाखवायची, आणि दाखवली की सुट्टी आली, विमा आला, आजारपण आलं. एवढं कोण करणार? ‘बघू’चं ‘करू’ झालं आणि ‘करू’चं ‘एवढी निवडणूक होऊन जाऊ दे’ झालं. मधल्या मधे परवाना संपून गेला. त्याच ओट्यापाशी उभ्या उभ्या, तीच भांडी घासता घासता ती बेकायदा झाली.

पलीकडे तिची आई होती. एकटीच, डोळ्यांनी अधू. फोनवर तिचा एकच प्रश्न, कधी येतेस? लगबग मला म्हणायची, "जायला कुणी अडवत नाही ताई. परत यायला अडवतात." आणि परत येता आलं नाही तर त्या आईने खायचं काय? म्हणून तिचा सगळा जीव त्या परवान्यात अडकला होता. परवाना झाला की जायचं, आईला न्हाऊ घालायचं, तिचे केस विंचरायचे, चार दिवस तिच्याजवळ झोपायचं आणि परत कामावर यायचं. एवढीच तिची मागणी. मोठी मागणी असती तर कदाचित कुणी लक्ष तरी दिलं असतं.

आणि साहेब भाषणं कसली करत होते? तर आपल्या शहरात घरोघरी बिनपरवाना नोकर लपवून ठेवलेत, त्यांना हाकला आणि ठेवणाऱ्यांवर खटले भरा. नाकाने कांदे सोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण सकाळी जिच्या हातचा चहा घ्यायचा, संध्याकाळी तिच्याच नावाने चौकात गळा काढायचा, ही कला मी पहिल्यांदाच पाहिली. ते ज्या शर्टात बोलत तो माझ्या हातचा असे. कॉलरला कडक इस्त्री करताना मला वाटायचं, जरा जळू द्यावी.

लगबगला मी विचारलं, तुला काहीच वाटत नाही? ती म्हणाली, बाईंनी सांगितलंय की तसं बोलावंच लागतं, ते आपल्याबद्दल नाही. साहेब निवडून आले की पहिलं काम तुझंच करतील. तिचा या शब्दांवर विश्वास होता. मला तिचा राग आला. राग साहेबांचा यायला हवा होता, तो तर होताच. पण तिचाही आला, आणि अजून येतो.

मग टीव्हीवाल्यांनी टूम काढली. प्रत्येक उमेदवार घरात कसा राहतो ते दाखवायचं. साहेबांच्या घरी एक वार्ताहर बाई येणार, कॅमेरा येणार, सोफ्यावर सगळं कुटुंब बसणार, मधोमध साहेबांची आई. घोडं इथेच अडलं. म्हातारीला आताशा काही आठवत नव्हतं. मुलगा समोर आला तर त्याला ती पाहुणा समजायची. सुनेने घास भरवला तर तोंड फिरवायची. तिला कळायची फक्त लगबग. लगबग दिसेनाशी झाली की लहान मुलासारखी रडायची आणि रडणं थांबायचं नाही. टीव्हीवाले यायच्या आधी त्यांनी एकदा लगबगला मागच्या कोठीच्या खोलीत बसवून पाहिलं. म्हातारीने घर डोक्यावर घेतलं. तेव्हा बाईंनी तोड काढली. लगबगने सोफ्यावरच बसायचं, म्हातारीचा हात धरून. कुणी विचारलं तर ती साहेबांची लांबची बहीण, काकूंची सेवा करायला आलेली.

त्यासाठी बाईंनी तिला आपला एक निळा रेशमी पोशाख दिला. तो ती माझ्याकडे घेऊन आली. मी त्याला इस्त्री केली, तिला तो घालायला लावला आणि दुकानातल्या स्टुलावर बसवलं. चांगली दिसत होती. मी म्हटलं, बस आता, मोठ्या घरची बहीण आहेस तू, जागची हलायचं नाही. ती पाठ ताठ करून बसली. तेवढ्यात माझ्या हातून एक हँगर खाली पडला. मी वाकायच्या आत तिने तो उचलून खुंटीला लावलासुद्धा. बसली कधी, उठली कधी, तिचं तिलाच कळलं नाही. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. मी म्हटलं, हे असं तिथे करू नकोस बाई. ती म्हणाली, नाही करणार, हात मांडीखाली दाबून बसेन.

आणि ती तशीच बसली. पुढे तो कार्यक्रम साऱ्या गावाने पाहिला, मीही दुकानातल्या टीव्हीवर पाहिला. सोफ्यावर एका टोकाला साहेब, मग म्हातारी, मग लगबग, दुसऱ्या टोकाला बाई. एक हात म्हातारीच्या हातात, दुसरा खरोखरच मांडीखाली. समोर चहाचे कप. वार्ताहर बाई गोड होती, उगाच खोचक विचारत नव्हती. साहेब बोलत होते की कायदा गरीब-श्रीमंत पाहत नाही. बाई त्यांच्याकडे कौतुकाने पाहत चहा घेत होत्या. चहा संपला. साहेबांवरची नजर न काढता बाईंनी रिकामा कप बशीसकट बाजूला, हवेत धरला.

अशी सवय एका दिवसात लागत नाही. कप धरला की खाली कुणाचा तरी हात येतोच, इतकं ते अंगवळणी पडलेलं. बाईंना कळलंही नाही आपण काय केलं. कप हवेत तसाच होता. बाईंची बोटं सैल व्हायला लागली. आणि मांडीखालचा हात निघाला. लगबगने कप घेतला, उठली, जाता जाता वार्ताहर बाईंचा कप उचलला, टेबलावर उमटलेलं ओलं वर्तुळ निळ्या बाहीने पुसलं आणि दोन पावलं आतल्या दाराकडे गेली. तिथे तिच्या लक्षात आलं. दोन्ही हातांत कप घेऊन ती उभी राहिली. मागे म्हातारी रडायला लागली.

वार्ताहर बाई फक्त पाहत राहिली, आणि कॅमेराही.

टीव्हीची माणसं गेल्यावर बाई लगबगवर तुटून पडल्या. लगबग तशीच निळ्या पोशाखात माझ्याकडे आली. काय झालं ते तिने सांगितलं. मी विचारलं, बाई काय म्हणाल्या? ती म्हणाली, "बाई म्हणाल्या, घेतलास कशाला? पडू द्यायचा होतास." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "ताई, फुटला असता गं."

कार्यक्रम दाखवला त्या दिवशी तो कपाचा भाग पुन्हा पुन्हा दाखवला. हवेतला कप, निळी बाही, पुसलेलं वर्तुळ. दुसऱ्या उमेदवाराची माणसं गल्लीत चौकशा करत फिरू लागली. माझ्याकडेही आली. मी चकार शब्द काढला नाही, उलट त्यांना इस्त्रीचे भाव सांगितले. पण गल्लीला तोंडं बरीच आहेत. शेवटी गवगवा झालाच.

मला वाटलं होतं, आता साहेबांचं पितळ उघडं पडलं. मी खुळी. साहेब वकील होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पत्रकारांना बोलावलं आणि जड आवाजात सांगितलं की या बाईने आमची फसवणूक केली. आम्ही तिला बहिणीसारखं वागवलं, आणि तिचा परवाना केव्हाच संपलाय हे तिने आमच्यापासून लपवलं. मी स्वतःच अधिकाऱ्यांना कळवलं आहे. कायद्याची सुरुवात माझ्या घरापासून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परवाना संपत आल्याची आठवण तिने करून द्यायची, त्यांनी विसरायचं, आणि लपवणारी कोण, तर ती. मी टीव्ही बंद केला. हातातली इस्त्री मी किती वेळ तशीच धरून उभी होते कोण जाणे.

दोन अधिकारी आले तेव्हा ती कामावर जायलाच निघाली होती. एवढं सगळं होऊनही निघाली होती, कारण म्हातारी उपाशी राहील. अधिकारी उद्धट नव्हते, हे सांगायला हवं. त्यांनी तिला सामान भरू दिलं. तिने निळा पोशाख घडी करून माझ्या हातात दिला. म्हणाली, बाईंचा आहे, धुऊन परत दे. आणि आजींना दूध कोमट लागतं म्हणावं, गरम दिलं तर थुंकतात. मी म्हटलं, मर तू, अजून आजींचंच घेऊन बसलीस. मग मला रडू फुटलं. ती रडली नाही. त्या दोघांच्या मधून ती गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेली. तिला सावकाश चालताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तिला पलीकडे पाठवून दिलं. पुढे तिचा फोन आला. आईला न्हाऊ घातलं, केस विंचरले, शेजारी झोपले, सगळं सांगितलं. आईला आधी आनंद झाला. मग आईने विचारलं, परत कधी जाणार? तिकडे काम नाही, आणि इकडे यायची बंदी. "ताई, मी आईच्या कुशीत झोपते आणि मला भीती वाटते," असं म्हणाली. मी आपलं हवापाणी विचारलं.

साहेब निवडून आले. दुसऱ्या उमेदवाराच्या बागेत काम करणारा माणूसही बिनपरवाना निघाला होता, त्यामुळे तोही पुढे गप्पच बसला. दोघांनी एकमेकांना सांभाळून घेतलं म्हणायचं.

मग एके दुपारी बाई स्वतः दुकानात आल्या. एरवी त्यांचा ड्रायव्हर यायचा. केस कसेतरी बांधलेले, डोळ्यांखाली काळं. साहेबांचे शर्ट न्यायला आले म्हणाल्या, पण शर्टांकडे त्यांनी पाहिलंही नाही. पाणी मागितलं. मी काचेच्या पेल्यात पाणी दिलं आणि बसायला तेच स्टूल दिलं. त्या बोलू लागल्या. सासूबाई घास घेत नाहीत, दिवसभर दाराकडे बघून रडतात. बायका ठेवून पाहिल्या, एकही टिकत नाही, आणि त्यांच्या अटी तरी किती. सुट्टी हवी, विमा हवा. त्या खरोखर दमल्या होत्या. मला त्यांची दयाही आली, खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या ओळखीत आहे का हो कुणी? तिच्यासारखी, मायेची. तिकडचीच असली तरी चालेल. परवान्याचं आपण मागाहून बघू."

मी निळा पोशाख धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. तो काढून शर्टांच्या गठ्ठ्यावर ठेवला. बाईंनी तो ओळखला की नाही, सांगता येत नाही. रस्त्याकडे बघत त्या पुढचं बोलत होत्या, साहेबांच्या नव्या पदाचं काहीतरी. पाणी संपलं होतं. बोलता बोलता त्यांनी रिकामा पेला बाजूला, हवेत धरला.

मी अगदी जवळ उभी होते. हात नुसता पुढे करायचा होता. मी हात टेबलावर तसाच ठेवला. बाईंची बोटं सैल झाली आणि पेला फरशीवर पडून फुटला.

त्या दचकून माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "पडू द्यायचा असतो ना, बाई?"

त्या काचांकडे बघत बसून राहिल्या, कुणीतरी येऊन उचलेल म्हणून. दुकानात आम्ही दोघीच होतो. मग त्या उठल्या आणि खाली वाकल्या.