म्हाताऱ्यांचा कोपरा

आमच्या अकोल्याच्या कॅज्युअल्टीत म्हाताऱ्या पेशंटसाठी वेगळा कोपरा करायचा, हे तिथली प्रमुख डॉक्टर म्हणून माझंच खूळ. ठेंगण्या खाटा, न घसरणारी फरशी, मोठ्या आकड्यांचं घड्याळ, जाड पडदा आणि पडद्याआड कमोडची खुर्ची. पडद्यावरून तर मी व्यवस्थापनाशी इतकी भांडले की नंतर मला येताना पाहूनच ते चहा मागवायचे. माझं माहेर अमरावतीचं, राजापेठेतलं, घरात सगळे वकील. भांडायचं शिक्षण मला वेगळं घ्यावं लागलं नाही. कोपरा तयार झाला आणि मला वाटलं, झालं काम.

मग बाळापूरकडची एक आजी आली. गोठ्यात चक्कर येऊन पडली होती. सोबत मुलगा, पुतणे आणि भरलेली जीप. आमच्याकडे नव्यानेच रुजू झालेली डॉक्टर पुण्याची, हुशार आणि मनापासून काम करणारी. तिने डोकं ठिकाणावर आहे का हे बघायचे नेहमीचे प्रश्न विचारले. आज तारीख काय? आजी गप्प. नवऱ्याचं नाव काय? आजीने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यात हाताला सलाईन, आणि ती सारखी खाटेवरून उतरायला बघत होती. "डोक्यावरच परिनाम झाला वाटते," मुलगा म्हणाला. मी पोचले तेव्हा झोपेचं इंजेक्शन भरून तयार होतं आणि हात बांधायला पट्टी मागवली होती.

माझं डोकंच फिरलं. एकदा कागदावर 'भ्रमिष्ट' लिहिलं की ते गावापर्यंत पोचतं. मग घरात त्या बाईला कोणी काही विचारत नाही, शेतीचं नाही की लग्नकार्याचं नाही. मी पट्टी परत पाठवली, इंजेक्शन बाजूला ठेवायला लावलं, पुरुषमंडळींना बाहेर काढलं, पडदा ओढला आणि स्टूल घेऊन आजीच्या समोर बसले.

"आजी, वावरात काय चालू हाये?"

"सोयाबीन निंघालं. कापसाची पयली येचनी सुरू हाये." मग माझ्याकडे रोखून बघत, "आज चतुर्थी हाये, मले ठावूक हाये. अन् हे पोरगी मले मालकाचं नाव घ्याले लावून राह्यली! असं घेत असते का वं?"

"मी तर नावानेच हाक मारते नवऱ्याला," नवी डॉक्टर हळूच म्हणाली.

"अन् तो येते?"

आम्ही तिघी हसलो. हसता हसताच आजी म्हणाली, "मले बाहेर जा लागते. एवढ्या मानसायसमोर कसं सांगू?" खाटेवरून उतरायची सगळी धडपड एवढ्यासाठी होती. आम्ही तिला हात देऊन कमोडच्या खुर्चीवर बसवलं.

डोक्याचा फोटो काढला, तो साफ होता. पण आडवं असताना बरा असलेला रक्तदाब उभं केलं की पार खाली यायचा, म्हणजे अंगात पाणी कमी पडलं होतं आणि चक्करही त्यामुळेच. आता स्टुलावर नवी डॉक्टर बसली. "आजी, दिवसभरात पाणी किती पिता?"

आजीने आधी पडदा नीट ओढलाय ना ते पाहिलं, मग सांगितलं. संडास आवाराच्या पार टोकाला, अंधारात एकटीने जायची भीती. "रातच्यानं पोराले उठवा लागते. तो दिवसभर वावरात राबते. मंग मी दुपारपासूनच पानी पीत नाही." हे तिच्याशिवाय दुसरं कोणी सांगूच शकलं नसतं.

"मुलाला सांगू का?" नव्या डॉक्टरने आधी आजीलाच विचारलं. आजीने मान डोलावली. तिचं हे विचारणं मला फार आवडलं. हल्ली ती प्रत्येक आजी-आजोबांना पेरणी, सण, नातवंडं आधी विचारते आणि तारीख मागाहून.

मुलगा आत आला. ऐकता ऐकता तो खाटेचा दांडा धरून उभा राहिला, डोळे भरले होते. "मॅडम, खोलीपाशीच नवा संडास बांधतो," तो मला म्हणाला. मग थांबला आणि आईकडे वळला.

"माय, तूच सांग. कुठं बांधू?"

आजी उठून बसली, डोक्यावरचा पदर नीट केला.

"मोरीपाशी बांध. अन् दार माह्या खोलीकडून ठेव."