सहाशे बारा पावलं

चौथीच्या भूगोलात आमच्या बिकोल विभागाला अडीच पानं आहेत. सहा प्रांत, चार मुख्य भूमीवर आणि दोन समुद्रात. प्रत्येकाची राजधानी, चार ओळींत इतिहास आणि शेवटी ‘प्रमुख उद्योग’. एकोणीस वर्षं मी ही पानं शिकवतेय. आमच्या अल्बाय प्रांतापुढे पूर्वी फक्त ‘अबाका’ लिहिलेलं असायचं. नव्या आवृत्तीत ‘अबाका, वाळू व खडी’ असं आहे. ती वाळू कुठून येते ते पुस्तकात नाही. ते मनोय क्लेतोंना विचारायला हवं, पण ते हल्ली बोलत नाहीत.

मनोय क्लेतो म्हणजे अनाक्लेतो नुयदा. मनोय म्हणायचं दादा म्हणतात तसं. मागोराय गावात लहानथोर सगळे त्यांना तसंच म्हणायचे. तरुणपणापासून त्यांचा धंदा एकच. डोंगरावर अबाकाची केळीसारखी झाडं तोडायची, खोडाच्या पट्ट्या दातेरी सुरीखाली घालून अंगाच्या जोरानं ओढायच्या आणि निघालेला पांढरा धागा खांद्यावर घालून खाली आणायचा. चाळीस किलोचं ओझं. शेवटचा टप्पा चर्चच्या दारापासून घरापर्यंत सरळ उताराचा. तिथं पाय लटपटायला लागायचे, म्हणून ओझ्याकडं लक्ष जाऊ नये यासाठी ते मोठ्यानं पावलं मोजायचे. सहाशे बारा. पोरं मागून त्यांची नक्कल करत यायची.

त्यांची बायको स्योंग चुलीपाशी बसूनच ओरडायची, “आज किती झाली हो?”

“सहाशे बारा.”

“रोज तेवढीच?”

“मग? घर काय चालत जातंय होय?”

एवढं ऐकलं की शेजारणी खुदुखुदु हसायच्या. माझी आईसुद्धा. आमचं घर त्यांच्या घराच्या खालच्या अंगाला, तिसरं.

मग ते नोव्हेंबरचं वादळ आलं. मायोन ज्वालामुखीच्या अंगावरची सगळी राख आणि दगड पावसानं सैल केले आणि दुपारच्या एका तासात ते गावावर आणून ओतले. मी शहरात प्रशिक्षणाला होते. मनोय क्लेतो डोंगरापलीकडच्या मळ्यात अडकले होते. परत आलो तेव्हा गाव नव्हतं. एक सपाट करडं मैदान होतं आणि उंचवट्यावर चर्च, दारापर्यंत वाळूत बुडालेलं. स्योंग सापडली नाही. माझी आई सापडली नाही. त्रेचाळीस घरांतली माणसं सापडली नाहीत.

पहिल्या वर्षी मृतांच्या दिवशी आम्ही मेणबत्त्या घेऊन मैदानावर गेलो आणि मेणबत्ती नेमकी कुठं लावायची तेच कुणाला कळेना. बायका रडायला लागल्या, पुरुष एकमेकांवर खेकसायला लागले. तेव्हा मनोय क्लेतो चर्चच्या दाराला पाठ लावून उभे राहिले, घंटेचा मनोरा बरोबर मागं धरला आणि सरळ मोजत निघाले. सहाशे बाराव्या पावलाला त्यांनी बांबू रोवला. “ही माझी चूल,” म्हणाले. मग त्या बांबूपासून डावीउजवीकडं आमची सगळ्यांची घरं त्यांनी काढून दिली. मला म्हणाले, “बाई, तुमच्या आईची पडवी ही इथं.” मी तिथं बसले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला बरं वाटलं.

दहा वर्षं असंच चाललं. दर वर्षी ते हातात बांबू घेऊन उभे राहायचे आणि लोक विचारायचे, मनोय, आमची विहीर कुठं? मनोय, आमच्या बाबांची खाट कुठं? ते दाखवायचे. माणसाचं सगळं गेलेलं असताना त्याच्याकडं एवढा मान होता.

अकराव्या वर्षी वाळूचा परवाना निघाला. शहरात इमारती वाढत होत्या आणि आमच्या डोक्यावर पडलेलं संकट आता प्रांताची संपत्ती ठरलं होतं. पोकलेन आलं तेव्हा मनोय क्लेतो प्लॅस्टिकची खुर्ची आणि भाताचा डबा घेऊन त्याच्यापुढं जाऊन बसले. तीन दिवस उठले नाहीत. शेवटी गावचा कप्तान, म्हणजे आमचा सरपंच, आला.

“क्लेतो, अरे जिवंत माणसांना काम मिळतंय. तुझी बायको काय खाली बसून हिशेब मागणार आहे?”

“तिला मागू दे की नको मागू दे. तिच्यावर यंत्र चालू देणार नाही.”

“बरं बाबा. जागा दाखव. चारी बाजूंनी पन्नास-पन्नास पावलं कुंपण घालून देतो. आत कोणी शिरणार नाही, बाहेर तू तोंड उघडायचं नाहीस. कबूल?”

मनोय क्लेतोंनी त्या दिवशी ठेवणीतला पांढरा सदरा घातला. इंजिनियर, कप्तान आणि अर्धं गाव मागं, आणि हे पुढं. छाती काढून, लांब लांब ढांगा टाकत, मोठ्यानं मोजत. सहाशे बारा. कुंपण पडलं. त्यांनी कागदावर सही केली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

अबाकाचं काम सुटल्यावर ते गवंडीकाम करत होते. पुनर्वसनाच्या वसाहतीत आमची नवी शाळा झाली, तेव्हा अंगणात विभागाचा नकाशा बांधायचं ठरलं. सिमेंटचा, गुडघाभर उंच, मुलांना भोवती फिरता येईल असा. काम त्यांना दिलं. खाणमालकानं दोन गाड्या वाळू फुकट पाठवली. आभाराचं पत्र मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, असली पत्रं माझ्याकडंच येतात.

पहिल्या गाडीत उत्तरेचे प्रांत झाले, आमचा अल्बाय झाला. दुसऱ्या गाडीत मास्बाते बेट आणि निम्मा सोर्सोगोन. एके सकाळी मी त्यांना कॉफी द्यायला गेले तर ते चाळणीपाशी उकिडवे बसलेले. चाळणीत एक गंजकं पातं होतं. जीपच्या स्प्रिंगच्या पाट्यातून घडवलेली अबाकाची सुरी, एका टोकाला तीन खाचा.

“ही माझी,” ते म्हणाले. “शेजारी उसनी नेतात नि परत देत नाहीत, म्हणून स्योंगनं खुणेला खाचा पाडल्या होत्या. चुलीच्या वर टांगलेली असायची.”

“मनोय, चिखलाबरोबर वाहत गेली असेल कुठंतरी. केवढाले दगड वाहत आले होते.”

“हां. वाहत गेली असेल.” त्यांनी मान हलवली. त्यांना तसंच हवं होतं. मलाही.

आभाळ भरून आलं होतं. सिमेंटची गोणी आडोशाला न्यायला त्यांनी खांद्यावर घेतली. चाळीस किलोची गोणी. दोन पावलं टाकली आणि सवयीनं पुटपुटले, एक, दोन, तीन, चार. आणि थांबले. गोणी खांद्यावर तशीच.

“बाई.”

“काय झालं?”

“मी ओझं घेऊन मोजायचो.”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांच्या पायांकडं पाहिलं. चपलेच्या जेमतेम पुढं दुसरी चप्पल पडली होती. ओझ्याखालच्या माणसाचं आखूड पाऊल. कुंपणाची जागा त्यांनी मोकळ्या खांद्यानं मोजली होती.

मी म्हटलं, “मनोय, खाली ठेवा ती गोणी. वय काय तुमचं.” त्यांनी ऐकलं नाही. रिक्षा करून आम्ही चर्चपर्यंत गेलो, ते आणि मी आणि मांडीवर सिमेंटची गोणी. रिक्षावाला विचारत होता, चर्चचं काही बांधायचंय का. चर्चच्या दाराला पाठ लावून त्यांनी गोणी खांद्यावर घेतली आणि मोजायला लागले. घाम डोळ्यांत जात होता, गुडघे वाकत होते, पण आवाज मोठा होता. तो आवाज मी लहानपणी रोज संध्याकाळी ऐकलेला. मी त्यांच्या मागं चालत होते आणि मनात एकच म्हणत होते, कुंपणापर्यंत पोचू दे, देवा, कुंपणापर्यंत पोचू दे.

पाचशे एक्क्याऐंशीला जमीन संपली. पुढं खाण होती, दोन माडांइतकी खोल. तळाशी पोकलेन चालू होतं. कुंपण खाणीच्या पलीकडच्या काठावर, सुबक, पांढरा रंग दिलेलं. त्याच्या आत नुसती वाळू.

ते काठावर उभे राहिले. “अजून एकतीस राहिली,” म्हणाले.

मी गोणी उतरवून घेतली. मला राग आला होता. कप्तानाचा, खाणमालकाचा आणि, मी लपवत नाही, मनोय क्लेतोंचाही. माझ्या आईची पडवी त्यांच्याच बांबूपासून मोजलेली होती. आमचं घर त्यांच्या घराच्या खालच्या अंगाला तिसरं, म्हणजे तेही त्या खड्ड्यातच होतं. पण ज्या माणसानं दहा वर्षं आम्हाला आमची माणसं दाखवली, त्याला काय बोलणार?

परतताना रिक्षात त्यांनी एवढंच विचारलं, “ती दुसरी गाडी कुठं गेली, बाई?”

“मास्बातेत. आणि थोडी सोर्सोगोनात.”

“मास्बातेत.” त्यांनी मांडीवरचं सिमेंट झटकलं. “तिला बोट लागायची. तिकडं एका लग्नाला नेत होतो तर धक्क्यावरूनच परत आली.”

त्यानंतर त्यांनी नकाशा पूर्ण केला. उद्योगांची चिन्हं राहिली होती; मास्बातेवर गाय, सोर्सोगोनवर पिलीचं फळ, अल्बायवर अबाकाचा धागा. कप्तानानं सांगून अल्बायवर ट्रकही बसवून घेतला. मनोय क्लेतोंनी तो केला, चाकांसकट, अगदी हुबेहूब. उद्घाटनाला कप्तान म्हणाला, ही आपल्याच मातीची कला आहे. सगळे हसले, टाळ्या पडल्या. मनोय क्लेतो मास्बातेच्या कडेला उभे होते. एक पोरगं बेटावर चढायला गेलं, तेव्हा त्याला त्यांनी दंडाला धरून हळूच खाली उतरवलं.

चार दिवसांनी मृतांचा दिवस होता. मी आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडं गेले. म्हटलं, “लोकांना सांगायला हवं.” ते कोपऱ्यातला बांबू उचलून त्याच्यावरची धूळ पुसायला लागले.

त्रेचाळीस घरांची माणसं मेणबत्त्या आणि चिकट भाताचे लाडू घेऊन कुंपणात जमली. पांढरं कुंपण सगळ्यांना आवडलं. म्हाताऱ्या लोरेताला आता नीट दिसत नाही, तिनं विचारलं, “मनोय, माझ्या पोराची खोली कुठली रे?” मनोय क्लेतोंनी बांबू उचलला आणि एक जागा दाखवली. मग दुसऱ्याला दाखवली, मग तिसऱ्याला. तोंडातून शब्द नाही, नुसता बांबू. पलीकडं खाण सुट्टीमुळं बंद होती, त्यामुळं फारच शांत वाटत होतं. लोरेता जमिनीवर हात फिरवून पोराशी बोलायला लागली.

मग बांबू माझ्याकडं वळला. मनोय क्लेतो माझ्या डोळ्यांत बघत नव्हते. सगळे वाट बघत होते. मी दोन पावलं पुढं गेले, खाली बसले आणि त्या रिकाम्या वाळूत आईची मेणबत्ती लावली.