दोनशे चौदा नंबरचा ऊद

सकाळी मी गॅसवरच्या घोटलेल्या वालांवर लिंबू पिळत होते. माझा नवरा वजदी गॅलरीतून दोरीने टोपली खाली सोडून पाववाल्याशी हुज्जत घालत होता. तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना बोटाच्या पेराने तीनदा टकटक करणारा आमच्या ओळखीत एकच माणूस, वाद्यांचा कारागीर उस्ता शहाता. लाकूड घेतानाही तो असंच वाजवून, कान लावून घेतो. पण चार जिने चढून तो आमच्याकडे कधीच आला नव्हता. काखेत जुन्या चादरीत गुंडाळलेला ऊद होता, आखूड मानेचं, फुगीर पोटाचं तंतुवाद्य.

"या उस्ता, चहा टाकते."

"टाक. या जिन्यांनी जीव घेतला. लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत म्हाताऱ्यांना बोलावत जाऊ नका."

"बोलावलं कोणी?" वजदी हसला. उस्ता हसला नाही.

कैरोच्या मोहम्मद अली रस्त्यावर एकाच बाकावर बसून चाळीस वर्षं ऊद बनवणारा हा माणूस. अक्रोडाच्या पातळ पट्ट्या वाफेवर वाकवून त्याचं भोपळ्यासारखं पोट जुळवायला त्याला महिना लागतो. वर फळी बसवण्याआधी तो बोरूने एक चिठ्ठी लिहितो, स्वतःचं नाव, साल, नंबर, आणि आत चिकटवतो. त्यानंतर दिवसभर दुसऱ्या कामाला हात लावत नाही.

पर्यटक आटले तेव्हा त्याच्याकडे तीन ऊद पडून होते. मीच म्हटलं, फोटो काढून इंटरनेटवर टाकू. गॅलरीत चादर टांगून फोटो काढले, इंग्रजीतला मजकूर मी लिहिला, खोकी वजदीने बांधली. आमचं दुकान असं सुरू झालं. तिन्ही गेले, मग मागण्या येतच राहिल्या. उस्ताला म्हटलं, जरा हात चालवा. तो म्हणाला, "लाकडाला तुझी घाई कळत नाही, मुली."

म्हणून घाऊक बाजारातून तयार ऊद आणले. आधी खरं तेच लिहून विकले, शिकाऊंसाठी म्हणून. पण लोक कारागिराचं नाव मागायचे. एका दुपारी मी उस्ताच्या चिठ्ठीचा फोटो छापला, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केला, ऊदाच्या भोकावरची नक्षीची जाळी सुरीने उचलून आत चिकटवला आणि जाळी परत डिंकाने बसवली. एकदाच, असं मनाशी म्हटलं होतं. पुढे हात सरावला. वजदीला माहीत होतं. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

उस्ताने चादर सोडली. "काल नॉर्वेचा एक संगीताचा मास्तर माझ्या दुकानात आला. दुभाष्या होता बरोबर. इंटरनेटवरून घेतलेला ऊद झणझणतो, दुरुस्त करा म्हणाला, आणि तुम्हीच केलाय म्हणाला. आत वाकून बघितलं. दोनशे चौदा."

मी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. त्याच्या दुकानात काढलेल्या फोटोंत सगळ्यात सुबक अक्षर त्या चिठ्ठीचं होतं, म्हणून मी तीच उचलली होती. प्रत्येक ऊदात तीच.

"दोनशे चौदा माझ्या भिंतीवर आहे," उस्ता म्हणाला. "माझ्या बायकोसाठी, रतीबासाठी केलेला. ती गेली तरी विकला नाही. दोन पोरांना कोणी एकच नाव ठेवतं का गं?"

"उस्ता, आमचं चुकलं," वजदी पुटपुटला.

"तू गप. खोकी बांधणाऱ्याला मी विचारत नाहीये." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "तो माणूस भिंतीकडे बघायला लागला. मी आडवा उभा राहिलो. सत्तरी उलटलेला माणूस, स्वतःच्याच दुकानात, स्वतःचाच ऊद पाठीने झाकत होतो. ठेवून जा, बघतो, एवढंच म्हणालो. माझा नाही, हे तोंडातून निघेना. वाटलं, त्याने विचारलं मग कोणाचा, तर तुझं नाव घ्यावं लागेल."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी मान वर करू शकले असते. वाल करपले होते, कोणीच उठून गॅस बंद केला नाही.

उस्ताने चहा संपवला, चादर घडी करून काखेत मारली. ऊद टेबलावरच ठेवला.

"चार वाजता येणार आहे तो. तुला त्याच्याशी इंग्रजीत बोलता येतं. दुकानात ये आणि त्याला सांग, हा ऊद शहाताने केलेला नाही. एवढंच कर."