कल्पिताची प्रत आणि तीन दयाराम

कल्पिता ठाकूर मिठागरवाल्यांच्या घरातली. न्हावा शेव्याजवळच्या आमच्या कंटेनर यार्डात गेटवरचा बोर्ड तिने लिहिलेल्या स्क्रिप्टवर, म्हणजे छोट्या प्रोग्रामवर चालतो. आता कुणी गाडी आत घ्यायची, ते त्यावर झळकतं. हे घडलं तेव्हा तिची नोकरी कच्ची होती. पक्की करायची की नाही, हे गेटप्रमुख तुळशीरामकाका त्याच आठवड्यात ठरवणार होते.

ड्रायव्हरांत दयाराम घरत तिघं. नाव झळकलं की तिघंही ट्रेलर पुढे काढत आणि भांडत. शेजारी गाडीचा नंबरही असे, पण स्वतःचं नाव दिसल्यावर नंबर कोण वाचतो?

एका दुपारी शेजारच्या रुचिताला हसवायला कल्पिताने स्क्रिप्टमध्येच यादीची प्रत काढली आणि प्रतीत टोपणनावं भरली: दयाराम भोंगा, दयाराम सुकट, दयाराम नवरदेव. बोर्डाच्या तळाशी नाव असणारे गेटप्रमुख, खेकडा. ही प्रत फक्त आपल्या स्क्रीनवर दिसेल, अशी तिची खात्री.

पण यादी म्हणजे हॅशच्या आत हॅश; हॅश म्हणजे नावानिशी माहिती ठेवायचे कप्पे. बाहेरच्या हॅशमध्ये माणसाची माहिती नसतेच. ती कुठे ठेवलीय त्याचा रेफरन्स असतो, म्हणजे पत्ता. कल्पिताने उतरवून घेतले ते नुसते पत्ते. पत्ता दुसऱ्या कागदावर लिहिला म्हणून घर दुसरं होत नाही. रंग लागला तो खऱ्या घरालाच, आणि टोपणनावं बोर्डावर झळकली.

बाहेर हशा उसळला. दोघी खिडकीशी धावल्या. दयाराम सुकट एकटाच, न भांडता आत शिरत होता. बोर्डाकडे पाठ करून काका ओरडत होते, "दात काय काढता रे?"

"काका, मागं बघा!" भोंगा म्हणाला. ते उरणपर्यंत ऐकू गेलं असावं.

कल्पिता नाव पुसते आहे तोवर काका आत हजर.

"ड्रायव्हरांची नावं ऱ्हाऊ दे. आज पयल्यांदा भांडन न्हाय झालं. माझं काढ."

"काढलं, काका."

"खेकडा कुनी ठेवलं?"

कल्पिता पुन्हा यादी तपासायला लागली.

"सांग गो. न्हायतर उद्यापासून येऊ नको."

"आवडाकाकी म्हणतात."

आवडाकाकी म्हणजे काकांची बायको, कल्पिताच्या आईची मैत्रीण. रुचिता घाईघाईने कीबोर्ड पुसायला लागली.

काका खुर्चीत बसले. "ह्ये गेटवर कुनाला सांगितलंस?"

"अजून न्हाय."

"अजून," काका पुटपुटले, आणि नोकरीच्या कागदावर सही करायला तिच्याकडेच पेन मागितलं.