वापरातलं कुलूप

व्हाइसच्या पकडीत वस्तू धरून घासताना खाली लोखंडाचा भुसा पडत राहतो. रोज झाडला नाही तर ढीग होतो. किश्शांचंही तसंच. आमच्या रविवारच्या बैठकीचा असा ढीग झालाय, म्हणून झाडून काढतोय. मी चौथी शिकलेला माणूस. अंबरनाथच्या कारखान्यात फिटर होतो. पाल्हाळ मला जमत नाही आणि आवडतही नाही.

सुरुवात पुरानंतर झाली. बदलापूरला मांजर्लीत घराघरांत पाणी शिरलं होतं. चाव्या वाहून गेल्या, कुलपांत गाळ भरला. लोकांनी ती उकिरड्यावर टाकली. मी गोणीत भरून घरी आणली. बायको म्हणाली, "लोक पुरातून भांडी वाचवतात. तुम्ही कुलपं वाचवलीत!"

मी नुकताच रिटायर झालो होतो. हात रिकामे होते. कुलपं रॉकेलमध्ये बुडवून साफ केली आणि चावीशिवाय उघडायचा नाद लागला. हळूहळू माझ्या ओट्यावर आणखी तिघं यायला लागले.

नियम मी पहिल्याच दिवशी सांगितले. कुलूप स्वतःचं असलं पाहिजे. आणि वापरातलं कुलूप उघडायचं नाही, कारण शिकाऊ हातानं ते बिघडतं. ज्याला मान्य नसेल त्याने पत्ते खेळावेत.

*

पहिला आला चंदरभाई. उल्हासनगर कॅम्प तीनमध्ये त्याचं हार्डवेअरचं दुकान. कुलपं विकून केस पांढरे झालेले. येताना चामड्याच्या पाकिटात अवजारांचा अख्खा सेट घेऊन आला. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा!

"साईं, इम्पोर्टेड है," म्हणाला.

मी त्यातून दोन अवजारं बाजूला काढली. कुलपाला हलका ताण द्यायची एक पट्टी आणि आतल्या पिना उचलायचा एक आकडा.

"आणि बाकीची?"

"बाकीची पाहुण्यांना दाखवायला."

त्याला राग आला. पुढच्या रविवारी स्वतः बनवलेला आकडा घेऊन आला. त्याच्या दुकानामागे जीन्सचे कारखाने आहेत. तिथल्या कापड कापायच्या मशीनचं तुटकं पातं आणलं होतं. पोलाद उत्तम. पण याने ते वाकवायला घरच्या गॅसवर लालबुंद केलं. कुलपात घातलं आणि ते शेवेसारखं वळलं.

"पाणी उतरवलंस त्याचं," मी म्हटलं. "पातं गार ठेवून घासायचं असतं. घासताना घडीघडी पाण्यात बुडवायचं."

"मला वाटलं, गरम केलं की काम लवकर होईल."

"काम नाही झालं. चहा तरी ठेवायचास त्याच गॅसवर!"

*

दुसरा भोईर. वांगणीचा. जमीन विकली आणि त्याच जमिनीवर उठलेल्या फार्महाउसांची राखण करतो. कमरेला चाव्यांचा हा एवढा जुडगा.

एकदा म्हणाला, "मालक म्हयन्यातून येकदाच येतो. त्याच्या गेटच्या कुलपावर हात साफ करू काय?"

"नियम काय आहे?"

"सोताचं पायजे."

"मग स्वतःचं आण."

पुढच्या रविवारी त्याने खरंच स्वतःचं कुलूप आणलं. छान, जड, पितळी. बराच वेळ त्यावर झटला. मग मला शंका आली.

"भोईर, हे कुठलं रे?"

"घराच्या दाराचं."

"मग घर उघडं टाकून आलास?"

"नाय, नाय! बायकोला बसवलीय दारात. शिव्या देते हाय, पन बसलीय."

*

तिसरा गायकवाड. माझा जुना दोस्त. टेलिफोन खात्यात वायरमन होता. राहायला मांजर्लीत, दुसऱ्या मजल्यावर. रविवारी त्याची मुलगी कल्याणहून येते, तेव्हा तो सुटतो.

सुटतो म्हणतो, कारण त्याच्या बायकोचं, सुमनवहिनींचं, विसरणं वाढलं होतं. आज कोणता वार इथपासून ते स्वतःच्या घरापर्यंत. पण कपडे धुवायला टाकण्याआधी नवऱ्याचे खिसे तपासायची सवय तेवढी पक्की राहिली. खिशात चावी सापडली की गॅलरीतून खाली टाकायच्या. गायकवाड कोपऱ्यावरून दूध आणायला गेला की आतून दार लोटायच्या, लॅच लागायचं, आणि हा बाहेर. बेल वाजवली तरी कधी कधी उघडायच्या नाहीत.

"डुप्लिकेट करून ठेव की," चंदरभाई म्हणाला.

"चावीवाला आता मला जावई समजतो, इतक्या केल्या. दाराबाहेर चपलांच्या खणात ठेवली तर ही तो खण रोज झाडते. शेजारी दिवसभर कामावर."

एकदा सुतार बोलावून लॅच तोडलं होतं. त्या ठोकण्यानं वहिनी पलंगाखाली शिरल्या. नंतर कितीतरी दिवस भांडं वाजलं तरी म्हणायच्या, "आले, घर पाडायला आले."

"मला आवाज न करता उघडायला शिकव," गायकवाड मला म्हणाला.

"वापरातलं कुलूप आहे ते," मी म्हटलं.

"आणि आत गॅस पेटता असतो, त्याचं काय?"

मी गोणीत हात घातला. जुनं लॅच त्याच्या हातात दिलं.

*

मला वाटायचं, आमच्यात हात माझाच. चूक होती. आयुष्यभर नट आवळलेला हात तो. ताण हलका द्या म्हणून लोकांना सांगतो आणि माझीच पट्टी वाकते!

गायकवाड डोळे मिटून बसायचा. आकडा आत, पट्टीवर नुसतं बोट टेकलेलं. एक एक पिन चाचपायचा. मी सांगितलं होतं, जी अडते ती आधी. ती जागेवर बसली की दुसरी अडते. मग तिच्याकडे जायचं.

"आणि आधीची पडली तर?"

"तर पहिल्यापासून."

"रागवायचं नाही?"

"रागावलास तर बोट जड होतं."

त्याने आकडा पुन्हा आत सरकवला. मग म्हणाला, "घरी हीच तालीम चालू आहे."

*

एका रविवारी पोलीस आला. समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी कळवलं होतं, चार म्हातारे उघड्यावर कुलपं फोडतात. पोरगेलासा हवालदार. सगळं बघितलं, हसला आणि हळूच म्हणाला, "काका, माझ्या गाडीच्या डिकीची चावी हरवलीय. बघता का?"

"डिकी वापरात आहे?"

"म्हणजे काय! टिफिन आत अडकलाय."

"मग नाही. चावीवाला स्टेशनसमोर बसतो."

"अहो, मग तुमच्या या शिकण्याचा उपयोग काय?"

"काही नाही. म्हणून तर तुम्हाला आमची भीती नाही."

तो गेल्यावर भोईर म्हणाला, "टिफिन तरी सोडवायचा व्हता बिचाऱ्याचा." मी पुढचं कुलूप उचललं. पण नियमाचा विचार तेव्हापासून डोक्यात राहिला.

*

गायकवाडचा हात बसला तसं चंदरभाईचं दुकान बसायला लागलं. तो दुकानातलं नवं कुलूप आणायचा, गायकवाड उघडून परत द्यायचा. चंदरभाई स्वभावानं सरळ. गिऱ्हाइकाला खोटं सांगवेना.

एक बाई मुलीच्या नव्या घरासाठी कुलूप घ्यायला आली. तिने एक पसंत केलं.

"ये मत लो, बहेनजी. ये गायकवाड चहा पिता पिता खोलतो."

"हे दुसरं?"

"ये भी."

"गायकवाड कोण? चोर आहे का?"

"नाही, नाही! बहुत शरीफ आदमी. पण खोलतो!"

बाई शेजारच्या दुकानात गेली.

*

शेवटी मीच मांजर्लीला गेलो. गायकवाडच्या दाराचं लॅच काढून साफ केलं, तेल न घालता पेन्सिलीचं शिसं घासून आत सोडलं आणि परत बसवलं. म्हटलं, "हे उघडायची तुला मोकळीक. दार तुझं, माणूसही तुझं. नियम बाकीच्यांना."

अवजारं ठेवायची कुठे, हा प्रश्न होता, कारण खिसे तपासले जाणार. त्याने एका जुन्या पेनची नळी काढली आणि आत पट्टी आणि आकडा बसवला. चावी पेनात मावत नाही, हे मावतं. नवऱ्याच्या पेनला वहिनी हात लावत नसत.

मग एके दिवशी दुपारी मी त्याच्याकडे जेवायला निघालो होतो. तो कोपऱ्यावर भेटला. हातात कोथिंबीर. जिना चढून वर गेलो तर दार बंद. बेल वाजवली. आतून काही नाही. कुकरची शिटी मात्र एकामागून एक.

त्याने पेन उघडलं. डोळे मिटले. माझा हात असता तर तीनदा पट्टी वाकली असती. बारीक टिक झालं, मग आणखी एक. लॅच फिरलं. दार आता नुसतं ढकलायचं होतं.

तेवढ्यात अगदी दारापाशी वहिनींचा आवाज आला. "कोण आहे?"

"मी."

"मी कोण?"

"गायकवाड."

"ते घरात नाहीत. मी आल्याशिवाय कुणाला दार उघडू नकोस, असं सांगून गेलेत."

मी हलक्या आवाजात म्हटलं, "उघडलंय की! ढकल."

त्याने ओठांवर बोट ठेवलं. फिरवलेलं लॅच हळूच परत सोडलं. दार होतं तसं बंद.

"वहिनी, गॅस तेवढा बंद करा," तो दाराला म्हणाला. "मी नंतर येतो."

पावलं आत गेली. शिटी थांबली. तो खाली उतरला, पार गेटपर्यंत. मी मधल्या वळणावर थांबलो. मग तो चपला आपटत, खोकत, ऑफिसातून येणाऱ्या माणसासारखा वर आला आणि दोनदा बेल वाजवली.

दार लगेच उघडलं.

"किती उशीर केलात!" वहिनी म्हणाल्या. "मघाशी कुणीतरी आला होता. तुम्ही घरात नाही म्हटल्यावर निमूट गेला बिचारा. चांगल्या घरचा असावा."