निळ्या ताटलीतलं नारिंगी वलय

दादाची रोपवाटिका पिवळी पडत चालली होती आणि घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. लिंबाच्या रोपांची कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. धाकटी बहीण प्रयोगशाळेत मातीतल्या जिवाणूंवर काम करायची. तिच्याच सांगण्यावरून दादाने वाफ्यांत लोहाचं खत घातलं होतं. पण चुनखडीच्या मातीत त्याचा जणू गंज झाला आणि मुळांच्या हाती काहीच लागलं नाही.

"आता पुरे," दादा म्हणाला. "सगळं उपटून टाकतो. बाकीच्या रोपांना लागलं तर?"

"अरे, हा रोग नाही! लोखंड आहे मातीत, पण विरघळत नाही."

"मग विरघळव ना, डॉक्टरीणबाई!"

कोपऱ्यातलं एक रोप मात्र हिरवंगार होतं. त्याच्या मुळांलगतची माती तिने नेली, त्यातले जिवाणू बाटल्यांत वाढवले आणि लोखंड धरून ठेवणाऱ्या निळ्या रंगाच्या ताटल्यांत सोडले. लोखंडाची उपासमार झाली की काही जिवाणू एक द्रव्य बाहेर सोडतात. ते लोखंडाला घट्ट पकडून विरघळवतं आणि जिवाणू ते आत ओढून घेतात; त्यातलं थोडं शेजारच्या मुळांनाही मिळतं. तसं झालं असतं, तर निळ्या रंगातलं लोखंड निघून तिथे नारिंगी वलय उमटलं असतं. ताटल्या निळ्याच राहिल्या.

ती डोकं धरून बसली. मग तिची नजर बेसिनच्या गंजक्या नळाकडे गेली. बाटल्या त्याच पाण्याने विसळलेल्या! आयतं लोखंड मिळाल्यावर जिवाणू कशाला धडपडतील? तिने काच न् काच आम्लाने धुतली, शुद्ध पाणी घेतलं आणि पुन्हा सुरुवात केली.

तेवढ्यात वहिनीचा फोन. "ऐकत नाहीयेत गं. दोन वाफे उपटले."

"ताटल्या तयार होईपर्यंत थांबव. भांड हवं तर!"

वहिनी खरंच भांडली. ताटलीत नारिंगी वलय उमटलं, तशी बहीण जिवाणूंचं पाणी वाढवून, कॅन काखोटीला मारून रोपवाटिकेत पोचली. दादा कुदळ घेऊन उभाच होता.

"एक वाफा दे. फक्त एक."

त्याने कुदळ खाली ठेवली. तिने कॅनमधलं पाणी त्या वाफ्यात रोपांच्या मुळांशी ओतलं.

पुढचे काही आठवडे ती रोज येऊन त्या वाफ्यातली पानं तपासत होती. जुनी पानं पिवळीच राहिली. बरीच रोपं गेलीही. उरलेल्यांना मात्र हिरवी पालवी फुटली. दादा माफीबिफी मागणाऱ्यांतला नव्हताच. चिखलाच्या बुटांनी थेट प्रयोगशाळेच्या दारात येऊन त्याने विचारलं, "ते पाणी अजून आहे का?"