बूट सांभाळणारी

देवावर माझी श्रद्धा आहे, पण त्याच्याकडे गाऱ्हाणं घेऊन जायचा माझा स्वभाव नाही. आपलं काम आपण करावं आणि संध्याकाळी दिवा लावताना हात जोडावेत, एवढंच. त्या पावसाळ्यात मात्र माझं डोकं चालेनासं झालं होतं.

यवतमाळात आमचं एक घर आहे. रस्त्यावर, बसस्थानकावर आयुष्य काढलेली माणसं तिथं राहतात. प्रत्येकाला खोली, खोलीला कुलूप, किल्ली ज्याची त्याच्याकडे. स्वयंपाक, औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या माझ्याकडे. दशरथकाका मूळचे उमरखेडकडचे, बरीच वर्षं वणीच्या बसस्थानकावर झोपलेले. पायातले बूट ते कधीच काढत नसत. पलंगावरही बुटांसकटच झोपायचे. रस्त्यावर बूट काढून झोपलेल्या माणसाचे सकाळी बूट नसतात, हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

काकांना शुगर. ते लंगडायला लागले, अंगात कणकण राहू लागली, खोलीत वास येऊ लागला. डॉक्टरांनी बजावलं, पाय पाहिल्याशिवाय इलाज नाही, आणि उशीर झाला तर पाऊल जाईल. आम्ही समजावलं, रागावलो, नवे बूट देऊ केले. काका हो म्हणत आणि पाय पलंगाखाली घेत. धरून काढा, असंही कोणी सुचवलं. मी नको म्हटलं. तसं केलं असतं तर काका दुसऱ्या दिवशी पुन्हा बसस्थानकावर गेले असते, आणि पाय तिथंच सडला असता.

चतुर्थीला आम्ही सगळे गाडी करून कळंबच्या चिंतामणीला गेलो. मोदकांच्या आशेनं काकाही आले. गाडीतच मी मनात म्हटलं, बाप्पा, मला काही सुचत नाही, आता तुझं तू बघ. भक्तीपेक्षा वैतागच जास्त होता.

फुलवालीकडे हार-दूर्वा घेतल्या आणि रिवाजाप्रमाणे चपला तिच्याच दुकानात ठेवल्या. काका तेवढे बाजूला उभे राहिले. देवळात बूट घालून जाता येत नाही, हे काही मला ठाऊक नव्हतं असं नाही; पण त्याचा काकांच्या पायाशी संबंध माझ्या ध्यानातच आला नव्हता.

फुलवालीनं विचारलं, "काहून बाबा, तुमाले दर्शन नाई घ्याचं?"

"बूट जातीन," काका म्हणाले.

"कुठी जातीन? आना इकडे." तिनं दूर्वांची टोपली खाली ठेवली आणि मांडी मोकळी केली. "मांडीवर घेऊन बसतो. मले उचलून नेल्याबगर तुमचे बूट कोनी नेत नाई."

रांगेतली माणसं हसली. तिच्या ऐसपैस देहाकडे पाहून काकाही हसले, पायरीवर बसले आणि त्यांनी नाड्या सोडल्या. त्या बुटांचा वास माझ्यापर्यंत आला. तिनं नाक मुरडलं नाही. मांडीवर बूट, त्यावर पदर, आणि ती पुन्हा हार ओवायला लागली.

मी पायरीवर बसून त्यांचा पाय पाहिला. पर्समधली पट्टी बांधली, दोघांनी काकांना आधार देऊन खाली गाभाऱ्यात नेलं आणि तिथून सरळ दवाखाना गाठला. गाडीत काकांनी बूट पोटाशी धरले होते. एक बोट काढावं लागलं. पाऊल वाचलं.

पुढं घरी रोज ड्रेसिंग असे. नर्स पाय धरायची आणि मी काकांचे नवे, रुंद बूट मांडीवर घेऊन बसायची. "घट्ट धरा बाई, नवे हायेत," काका मला दम द्यायचे.

नंतर मी साडी-खण घेऊन फुलवालीकडे गेले. तिला काही आठवेना. "रोज किती लोकाइचे सांभाळतो मी, बाई. तुमचे कोन्ते होते?" तिनं विचारलं. मला हसू आवरेना. साडी मात्र तिनं ठेवून घेतली.

देवाला शरण जा म्हणतात. सोडून देणं एवढंच शरण जाणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आपलं जे आहे ते कोणीतरी मांडीवर घेऊन बसलंय हे कळल्याशिवाय माणसाच्या हातून काही सुटत नाही. त्या दिवशी काकांचे बूट तिनं घेतले. माझी काळजी कोणी घेतली, ते मी जाणते.

परवा सकाळी चहा घेऊन गेले, तर काकांच्या दाराबाहेर बूट जोडीनं ठेवलेले. आतून घोरण्याचा आवाज येत होता. मी चहा झाकून ठेवला आणि त्यांना उठवलं नाही.